'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता,

प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. रागाच्या भरात लिहायचं नाही म्हणून सकाळपर्यंत थांबले. राग अजून गेलेला नाही, तरी लिहिते.

सुरक्षित रक्तसंक्रमणासाठी कोणकोणत्या संस्था काम करतात, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही म्हणता: "मॅडम, ही सगळी नावं म्हणजे कागदी घोडे. वॉर्डात पेशंटला रक्त लावतात तेव्हा यातलं कुणी येतं का? एसीत बसून लेख पाडणं सोपं असतं." पुढे ई-रक्तकोशावर (रक्तपेढ्यांतला साठा दाखवणारं सरकारी संकेतस्थळ) दिसणारं रक्त खिडकीवर मिळत नाही, नॅट चाचणी (रक्तातले विषाणू लवकर पकडणारी तपासणी) सक्तीची नाही, या तक्रारी आणि तुमच्या मावशींना रक्त चढताना वाजलेली थंडी.

मतभेदाला माझी ना नाही. पण ज्या बाईला तुम्ही ओळखत नाही, तिच्या खोलीत एसी आहे हे कशावरून ठरवलंत? माझी सगळी नोकरी रक्तपेढीत, क्रॉसमॅचच्या, म्हणजे रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का हे तपासण्याच्या, टेबलापाशी गेली. रात्रपाळीला खिडकीवर हात आपटणारे नातेवाईक मी पाहिलेत, त्यांच्या शिव्याही खाल्ल्यात. त्यांचं माणूस आत पडलेलं असायचं, म्हणून ते बोल मनाला लावून घेतले नाहीत. तुम्ही घरात निवांत बसून हे लिहिलंत.

एक मान्य करते. ई-रक्तकोशावर दिसणारा साठा आणि रक्तपेढीच्या खिडकीवर मिळणारं उत्तर यांत फरक पडू शकतो. आकडे वेळच्या वेळी भरले तरच ते खरे. निघण्याआधी फोन करावा हे बरं.

आता 'कागदी घोडे'.

मी नोकरीला लागले तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारी माणसं दारात उभी असायची. कुणाला व्यसन, कुणी इतका फिकट की त्यालाच रक्त द्यावं. मागचं रक्त कधी दिलं हे ती खरं सांगणार कशी? सांगितलं तर त्या दिवसाचे पैसे बुडाले. हे कुणाच्या चांगुलपणामुळे थांबलं नाही. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला, त्यातून राष्ट्रीय आणि राज्य रक्त संक्रमण परिषदा उभ्या राहिल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांचं रक्त घेण्यावर बंदी आली. निकाल कागदावरच होता. आमच्या दारातली ती माणसं दिसेनाशी झाली ती त्यानंतरच.

आणि वॉर्डातलं सांगते. एका रुग्णालयात (नाव सांगणार नाही) शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाच्या दोघी होत्या. दोघींचं रक्त काढून ट्यूब ट्रेमध्ये ठेवल्या गेल्या आणि लेबलं मागाहून सिस्टरांच्या टेबलावर चिकटवली गेली. माझ्याकडे आलेल्या ट्यूबवर नाव, वॉर्ड, तारीख सगळं जागच्या जागी. ग्रुप आला ए. जुनं रजिस्टर काढलं, तर त्याच बाईची आधीची नोंद ओ. मी रक्त द्यायचं थांबवलं, नवं सॅम्पल मागितलं. फोनवर वॉर्डातून आवाज चढला, "पेशंट सिरियस आहे आणि तुम्हाला रजिस्टरचं काय पडलंय?" नवं सॅम्पल ओ निघालं. ओच्या बाईला एची पिशवी लागली असती तर चढवलेल्या पेशी तिच्या अंगात फुटायला लागल्या असत्या, किडन्या गेल्या असत्या, कदाचित जीवही. निळ्या शाईतल्या एका ओळीमुळे ते टळलं. म्हणून 'कागदी' हा शब्द मला झोंबला, आणि म्हणूनच तुमच्या एका वाक्यावर एवढं लिहिते आहे.

वॉर्डात यातलं कुणी येत नाही, खरंय. यायचं नसतंच. रुग्णाला नाव विचारून खाटेपाशीच लेबल लावणं, पिशवीचा नंबर आणि केसपेपर दोघांनी मिळून ताडून पाहणं, पहिली पंधरा मिनिटं लक्ष ठेवणं, हे तिथल्याच माणसांचं काम. पण ते तसंच करायचं हे ठरवून देणारं आणि चुकलं तर नोंद घेणारं कुणी नको? ब्रिटनमध्ये 'शॉट' ही योजना १९९६ पासून अशा घटना गोळा करते, आणि तिच्या अहवालांत वर्षानुवर्षं मोठा वाटा माणसांच्या चुकांचाच असतो. आपल्याकडे हिमोव्हिजिलन्स (रक्त चढवताना होणाऱ्या त्रासाच्या नोंदी ठेवणारा) कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ ला सुरू झाला, नोएडाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्समार्फत. परळला केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्ताच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेबद्दल तर तुम्ही अवाक्षरही काढलं नाहीत. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणलेला बॉम्बे ग्रुप हा दुर्मीळ रक्तगट वरवरच्या तपासणीत ओ दिसतो आणि ओच्या एकाही पिशवीशी जुळत नाही. असं कोडं पडलं की सॅम्पल तिथे पाठवता येतं. लेख नीट वाचला असतात तर हे दिसलं असतं.

नॅट सक्तीची का नाही, हा खर्चाचा आणि धोरणाचा प्रश्न. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता, त्यामुळे त्यात शिरत नाही.

मावशींचं मात्र वाचून वाईट वाटलं. थंडी वाजायला लागल्यावर "पंखा बंद केला आणि पिशवी चालूच ठेवली" असं तुम्ही लिहिलंय. हे चूक झालं. अशा वेळी रक्त तिथल्या तिथे थांबवायचं, सलाईनवर शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना बोलवायचं, आणि उरलेली पिशवी नळीसकट, रुग्णाच्या नव्या सॅम्पलसह रक्तपेढीला परत पाठवायची. त्यासोबत रिअ‍ॅक्शनचा फॉर्म जातो. तो कुणाला शिक्षा करण्यासाठी नसतो, त्यामुळे भरायला घाबरायचं कारण नाही. ती पिशवी आता मिळणार नाही, पण तिचा नंबर केसपेपरवर असायला हवा. तो घेऊन त्या रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि घटनेची नोंद करायला सांगा. मावशींना पुन्हा रक्त लागणार असेल तर हे आधी करा, माझ्याशी वाद नंतर घाला.