प्लायची भीती कमी, रबराची जास्त: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टाकाऊ प्लायच्या गलोलीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की भंगारातलं प्लाय म्हणजे नुसता भुसा आणि डिंक, जरा ताणलं की हातात मोडणार आणि डोळा जाणार. खरी गलोल फांदीच्या बेचक्याचीच, असंही तुमचं म्हणणं. वर मी पोरांना पाखरं मारायला शिकवतोय आणि वॉर्निश मारून दिखावा करतोय, हा आरोपही आहेच. डोळ्याची काळजी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेचक्याबद्दल वादच नाही. फांदी फुटते तिथे लाकडाचे तंतू वळणाबरोबरच वाढलेले असतात, त्यामुळे ते सहजी चिरत नाही. पण प्लाय बरं असं लेखात म्हटलं होतं ते बेचक्याच्या तुलनेत नव्हे, साध्या फळीच्या. फळीतून गलोलीचा आकार कापला की मुठीत तंतू उभे राहतात, बाहेर झुकलेल्या शिंगांत (रबर बांधायच्या दोन फाट्यांत) मात्र तिरके तुटतात. फळी नेमकी तिथे चिरते, आणि एका फटक्यात. प्लायमध्ये एक थर उभा तर पुढचा आडवा, त्यामुळे चिरेला सरळ वाट मिळत नाही.

‘भुसा आणि डिंक’ हे पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफला चपखल बसतं. त्यांची गलोल करूच नये. ब्लॉकबोर्डही नको, आतल्या पट्ट्यांचा जोड शिंगात आला की खेळ खलास. कापलेली कड पाहिली की हे सगळे लगेच ओळखू येतात.

भंगाराची अडचण वेगळीच आहे: तो तुकडा आधी कुठे होता, किती भिजला, हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून त्यातलाच बोटभर तुकडा कापून, स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात, उघड्यावर तासभर उकळा. साध्या प्लायमधला युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद उकळत्या पाण्यापुढे टिकत नाही, फिनॉलचा टिकतो. (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायसाठीच्या आयएस 710 या भारतीय मानकात ही उकळणी 72 तासांची आहे, आपल्याला तेवढी गरज नाही.) थर सुटले म्हणजे प्लाय कोरडं असतानाही कमजोर होतं असं नव्हे, पण ओल बाधलेली असण्याची शक्यता त्यातच जास्त. असा तुकडा मी फडताळाला वापरतो, गलोलीला नाही. ज्याचा तुकडा टिकला त्या प्लायवर बोटाच्या पेराने ठोकत जा. आवाज मध्येच बद्द झाला तर आत पोकळी आहे. शिंगात खिळ्याचं जुनं भोक येत असेल तर नकाशा सरकवा.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते. रबर शिंगांना आपल्याकडे ओढतं, म्हणजे निशाण्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. खरा भार बाहेरचे थर घेतात, मधले जवळजवळ बसून असतात. म्हणून बाहेरच्या जाड थरांचे तंतू मुठीच्या दिशेने उभे हवेत. ‘जाड’ म्हणतोय, कारण वरचा देखणा पापुद्रा बऱ्याचदा अर्धा मिलिमीटरही नसतो, त्याच्या भरवशावर राहू नका. कडेवरून खालचा थर बघा. जाडी 18 मिलिमीटर, आणि शिंगं आखूड. शिंगाची लांबी दुप्पट केली की त्याच ओढीत बुडाशी वाकवणारा जोर दुप्पट होतो.

आणि तरीही विश्वास ठेवू नका, परीक्षा घ्या. मूठ शिकंज्यात आडवी धरा, निशाण्याकडची बाजू वर. रबर पूर्ण ताणल्यावर काट्यावर जेवढे किलो दिसतात त्याच्या तिप्पट भार दोन्ही शिंगांवर मिळून यायला हवा. दोरीने दोन बादल्या टांगा आणि मग्याने आळीपाळीने पाणी ओतत जा, एक लिटर म्हणजे एक किलो. घाई नको. ‘कट्’ असा बारीक आवाज आला तर ती गलोल तिथेच संपली, ती पुन्हा चिकटवत बसू नका. बेचक्याचीही हीच परीक्षा घ्या की! आत कीड असलेलं बेचकंही वरून ठणठणीत दिसतं.

डोळ्याला खरी भीती आहे ती रबराची. लाटेक्स (नैसर्गिक रबर) चपळ, पण ऊन, ओझोन आणि तेलाने ते सडतं. सायकलची ब्यूटाइल (कृत्रिम रबराची) ट्यूब टिकाऊ, पण आळशी: ताणायला घेतलेली बरीचशी ताकद ती स्वतःच गिळते, मग लोक आणखी जोरात ओढतात. रबर तुटतं ते बांधलेल्या जागी, बारीकशा चिरेपासून. शिंगाकडे तुटलं तर ते तुटकं टोक सरळ चेहऱ्याकडे येतं. दर वेळी खेळण्याआधी त्या गाठी बघा, चीर दिसली तर रबर बदला. पॉलिकार्बोनेटचा (चिवट प्लास्टिकचा) चष्मा लावल्याशिवाय ताणायचीच नाही, मग गलोल कशाचीही असो. गोळी शिंगावर आपटून किंवा भिंतीवरून उसळूनही उलटी येते, म्हणून निशाण्यामागे सैल टांगलेलं जाड कापड हवं.

पाखरांचं म्हणाल तर लेखात निशाणा रिकाम्या डब्याचा होता आणि तोच राहील. जिवंत काहीही नाही, यावर चर्चा नको.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा तुम्हीच मांडायचा विसरलात: धूळ. लाकडाची धूळ आयएआरसीच्या (कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे, गोंदातलं फॉर्मल्डिहाइडही. पॉलिशपेपर बाहेर मोकळ्यावर घासा, तोंडाला चांगला मास्क लावा.

राहिलं वॉर्निश. प्लायची कापलेली कड हाताचा घाम पिते, आणि थर तिथूनच उकलायला लागतात. म्हणून कडांना दोन हात जास्त मारायचे. बाकी पृष्ठभाग तुम्ही कोराच ठेवलात तरी चालेल.