युक्रेन लेनिनने ‘बनवला’ नाही : तारखा तपासा

‘युक्रेन हा देश लेनिनने निर्माण केला’ हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. पुतिन यांनी २१ फेब्रुवारी २०२२च्या भाषणात हेच सांगितलं होतं. दावा चुकीचा आहे.

कीव्हमध्ये मध्य रादा (युक्रेनची प्रतिनिधी परिषद) स्थापन झाली मार्च १९१७मध्ये, रशियात लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या हाती सत्ता येण्याआधी. २० नोव्हेंबरला रादाने युक्रेनी लोक प्रजासत्ताक जाहीर केलं. सगळ्यात बोलका पुरावा लेनिनच्याच सरकारचा आहे. १७ डिसेंबरचा जाहीरनामा या प्रजासत्ताकाला मान्यता देतो, रशियातून फुटून निघण्याचा हक्कही मान्य करतो आणि त्याच दमात रादाला ४८ तासांची मुदत देऊन युद्धाची धमकी देतो. जे अस्तित्वातच नाही, त्याला निर्वाणीचा खलिता कोण धाडेल? मग त्याच महिन्यात खारकीव्हमध्ये बोल्शेविकांचं समांतर सरकार उभं राहिलं.

ओळख तर त्याहून जुनी. झार दुसऱ्या अलेक्झांडरने १८७६मध्येच युक्रेनी पुस्तकांची छपाई आणि आयात जवळपास बंद केली होती. तेव्हा लेनिन सहा वर्षांचा होता.

दाव्यात तथ्य एवढंच, की आजच्या सीमा बऱ्याच अंशी सोव्हिएत काळात आखल्या गेल्या : पश्चिमेचं ल्विव्ह शहर १९३९मध्ये सोव्हिएत युक्रेनला जोडलं गेलं, क्रिमिया द्वीपकल्प १९५४मध्ये. सीमा आखणं वेगळं, राष्ट्र घडवणं वेगळं. मजकूर पुढे पाठवताना ही गल्लत करू नका.