सरळ काडी

इंग्लंडमध्ये लाँगबो, म्हणजे उंच लाकडी धनुष्य, चालवायचा तर बाण लाकडीच लागतो. कार्बन नाही, ॲल्युमिनियम नाही. म्हणजे आधी डझनभर सरळ काड्या हव्यात, आणि झाडांना तर सरळपणाचं काही पडलेलं नसतं.

दुकानात पोर्ट ऑरफर्ड सीडर या लाकडाच्या काड्यांचा ढीग असतो. एकेक उचलायची, एक डोळा मिटून टोकाकडून रोखून बघायची, मग काउंटरवर गडगडत सोडायची. वाकडी असेल ती टकटक करत जाते. त्यानंतर लाकडातल्या रेघा. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हव्यात. मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील, तर बाण सुटताना मोडायचा आणि त्याची ढलपी धनुष्य धरलेल्या हातात घुसायची. भेंडी घेताना निदान टोक मोडून बघता येतं.

यातून पास झालेल्यांची पुढे ताठपणाची परीक्षा. 26 इंचांवर दोन टेकू, मधोमध 2 पौंडांचं वजन, आणि काडी किती झुकते ते मोजायचं. अर्धा इंच झुकली तर 26 भागिले अर्धा, म्हणजे ताठपणा 52 पौंडांचा. बाण धनुष्याला वळसा घालत, वाकत वाकत सुटतो. त्यामुळे तो फार ताठ नको नि फार लवचीकही नको. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो. (दोन्हीकडे जात असतील तर काडीला बोल लावू नये, असं आमच्या मैदानावरचे एक आजोबा सांगतात. माझ्याकडे बघत.)

घरी आणल्यावर शेगडीच्या आचेवर फिरवून उरलेला बाक काढायचा. रात्री पाऊस झाला की सकाळी काडी पुन्हा आपल्या मूळ मतावर! पॉलिश पेपरने घासली की घरभर आल्याचा वास सुटतो. पाहुणे चहाची वाट बघत बसतात.

व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघून आईने विचारलं, "डोळा दुखतोय का रे?"

मी तिला ओत्झीची गोष्ट सांगितली. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला, पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस. भात्यात 14 बाण, त्यातले पुरे झालेले फक्त 2. बाकी 12 नुसत्या काड्या. म्हणजे हे काम तेव्हापासूनच रखडतंय.

"गेला कशाने बिचारा?"

"खांद्यात बाण लागून."

"मग कुणीतरी वेळेत पुरे केले होते की," आई म्हणाली.