समुपदेशक बाईंना ऑफ तासाला पाठवू नका

पोस्ट लांबलचक आहे. सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई लिहायला बसली की आटोपशीर लिहीत नाही, तेव्हा आधीच सांगून टाकते.

नववीच्या वह्या तपासत होते. वहीचं शेवटचं पान म्हणजे मुलांची स्वतःची जागा. तिथे सह्यांचा सराव चालतो, फुली-गोळा चालतो, कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर गिरवून नंतर खोडलेलं असतं. एका मुलाच्या वहीत त्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शाळेत यावंसं वाटत नाही. घरी जावंसं वाटत नाही.'

मधल्या सुट्टीत त्याला जिन्याखाली गाठलं. आधी नेहमीचंच, "काही नाही बाई, असंच." मग बोलला. भिंतीचा पोपडा नखानं सोलत, माझ्याकडे एकदाही न बघता, दहा मिनिटं बोलला. मी म्हटलं, "हे माझ्याजवळच राहील." आणि दुपारी स्टाफरूममध्ये दोघीजणींना सांगितलं. काळजीपोटी सांगितलं, हे आजही खरंच आहे. दुसऱ्या दिवशी मैदानावर एका सरांनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "काय रे, रडतोस म्हणे?" हेतू वाईट नसेलही.

पुढच्या आठवड्यात वही आली तेव्हा शेवटचं पान नव्हतं. पट्टी लावून नीट फाडलेलं. त्यानंतर वर्षभर त्याच्या कुठल्याच वहीला शेवटचं पान नव्हतं.

आता प्रश्न येईल की शाळेत समुपदेशक नव्हत्या का. होत्या की! मी त्याला त्यांच्याकडे का नेलं नाही? कारण त्या वेळी त्या सातवीच्या वर्गावर होत्या. गणिताचे सर रजेवर, म्हणून ऑफ तास. आदल्या दिवशीही होत्या. परीक्षेच्या काळात सुपरव्हिजनला, स्नेहसंमेलनाच्या काळात सूत्रसंचालनाला, आणि एरवी जिथे माणूस कमी पडेल तिथे. मुख्याध्यापकांचा हिशोब सरळ होता: बाई 'रिकाम्याच' तर असतात.

या 'रिकाम्या' शब्दावर माझा सगळा राग आहे. मुलं अपॉइंटमेंट घेऊन कोसळत नाहीत. पोराला बोलायचं असतं ते तिसऱ्या तासाला, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं तेव्हा. त्या वेळी दारावर कुलूप दिसलं की तो परत जातो आणि पुन्हा येत नाही. अग्निशमन दलाची गाडी उभी असते म्हणून तिला कुणी कचरा वाहायला लावत नाही. मोकळं असणं हेच त्या बाईंचं काम आहे.

त्यांची खोलीही सांगते. मुख्याध्यापकांच्या ऑफिससमोर, काचेचं दार, आत जुने बॅनर, क्रीडास्पर्धेचे कप आणि बंद पडलेला प्रिंटर. दारावर ठळक अक्षरात 'समुपदेशन कक्ष'. आत बसलेलं मूल अख्ख्या व्हरांड्याला दिसायचं. मुलांनी त्या खोलीला काय नाव पाडलं होतं ते इथे लिहीत नाही, पण 'त्या खोलीत गेला होता' एवढं वाक्य वर्गात पुरायचं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला सगळ्यात जास्त भीती कशाची असते? आपण वेगळे दिसू याची. आणि आपण त्याच्या दुःखासाठी बांधलं काय, तर शोकेस.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ या वयात दर ७ जणांत १ जण कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराला तोंड देत असतो. चाळीसच्या वर्गात पाच-सहा जण. हे मी नोकरीच्या सुरुवातीला वाचलं असतं तर हसले असते. आता मागे वळून हजेरीपट आठवते तेव्हा आकडा कमीच वाटतो. फक्त ती मुलं 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाहीत. त्यांच्या पोटात दुखतं. डोकं दुखतं. एक मुलगी आठवड्यातून तीनदा चौथ्या तासाला पोट धरून यायची, आम्ही तिला ओवा द्यायचो आणि 'अभ्यास चुकवायची नाटकं' असं एकमेकींना सांगायचो. चौथा तास कुठला, तिच्या मागच्या बाकावर कोण बसतं, हे विचारायला आम्हाला दीड सत्र लागलं.

मग आम्ही करत काय होतो? १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन. पोस्टर स्पर्धा, घोषवाक्यं, पाहुण्यांचं भाषण, फोटो. एके वर्षी 'तणावमुक्त जीवन' या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालेली मुलगी ते रंगवायला रात्री दोनपर्यंत जागली होती. तिनंच मला सांगितलं, तेही अभिमानानं.

सरसकट सगळ्यांना एक डोस पाजायचा हा मोह मोठ्या देशांनाही पडतो. ब्रिटनमध्ये ८५ शाळांमधल्या ८ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसचा, म्हणजे श्वासावर आणि चालू क्षणावर लक्ष ठेवायच्या सरावाचा, मोठा प्रयोग झाला. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, त्यांनी वर्गात तास घेतले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: शाळा एरवी जे करत होत्या त्यापेक्षा मुलांच्या मनःस्थितीत काही फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. (यात आश्चर्य वाटणाऱ्यांनी कधी गृहपाठ तपासलेला नाही.) श्वासावर लक्ष देणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला घरी जावंसं वाटत नाही, त्याला 'डोळे मिटा आणि शांत जागेची कल्पना करा' सांगणं म्हणजे त्याच्या प्रश्नाला बगल देणं.

याउलट युरोपातल्या १० देशांत १६८ शाळांमध्ये, ११ हजारांवर मुलांना घेऊन एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात तीन वाटा ताडून पाहिल्या. एकीत शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवलं. दुसरीत प्रश्नावलीतून मुलं हेरून तज्ज्ञांकडे पाठवली. तिसरीत मुलांनाच बोलतं केलं: काही तास, भूमिका करून बघणं, मित्र असा वागला तर मी काय करू, कुणाकडे जाऊ, यावर चर्चा. हे तास बाहेरून आलेल्या प्रशिक्षित व्यक्तींनी घेतले. वर्षभरानंतर तिसऱ्या वाटेवरच्या मुलांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर होतं. पहिल्या दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

'बाहेरून आलेल्या' हे शब्द मी दोनदा वाचले. आणि बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा तर वहीच्या फाडलेल्या पानाचा अर्थच लागला. तिथे ७४ माध्यमिक शाळा घेतल्या. काहींमध्ये शाळेतल्याच शिक्षकांना प्रशिक्षण देऊन कार्यक्रम चालवायला दिला, काहींमध्ये बाहेरची एक व्यक्ती नेमली. मानसोपचारतज्ज्ञ वगैरे नव्हे, साधी माणसं, पण प्रशिक्षण दिलेली आणि त्याच कामाला वाहिलेली. कार्यक्रम तोच: भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, मुलांचे गट, ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं. जिथे वेगळी व्यक्ती होती तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी आणि उदासी कमी झाली. जिथे शिक्षकांकडे सोपवलं होतं तिथे काहीही हललं नाही.

शिक्षक म्हणून हे वाचायला झोंबलं. पण कारण समोर आहे. मी त्याची तोंडी परीक्षा घेणार, मी पालकसभेत त्याच्या आईसमोर बसणार, गृहपाठ नाही म्हणून मीच बाहेर उभं करणार. असं असताना सकाळी ओरडलेल्या तोंडानं दुपारी 'बोल बाळा, काय झालं' म्हटलं तर पोरगं कुठल्या बाईंवर विश्वास ठेवेल? शिक्षकानं लक्षात घ्यावं: अक्षर बिघडलंय, सोमवारी सारखी गैरहजेरी, डबा न खाता परत. आणि मुलाला सांगून, त्याला विचारून, योग्य माणसापर्यंत सोबत जावं. पुढचं काम त्या माणसाचं.

आता गुप्ततेबद्दल, कारण पालकांचा पहिला आक्षेप तोच असतो. "आमच्या मुलाचं आम्हालाच सांगणार नाही म्हणजे काय?" मीही आई आहे, मलाही ते रुचलं नसतं. पण आईला सांगतील या भीतीनं जे मूल बोलणारच नाही, त्याची गोष्ट आईला कळणार कशी? चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत सीमा सांगतो: तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुला इजा करत असेल, तर मला सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगूनच. बाकी इथेच राहील. मी त्या मुलाला सीमा न सांगताच वचन दिलं आणि सीमेच्या आत मोडलं, दोन्हीकडून चुकले.

आणखी एक भीती, अगदी शिकलेल्या लोकांतही: मरणाचे विचार येतात का असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात ते शिरेल. शिरत नाही. संशोधन हेच सांगतं की सरळ, शांतपणे विचारल्यानं धोका वाढत नाही. उलट विचारणारा भेटला म्हणून सुटल्यासारखं वाटणारी मुलं मी पाहिलीत. विचारल्यावर उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी तज्ज्ञांपर्यंत न्यायचं, एवढं मात्र शाळेतल्या प्रत्येकाला, शिपायालासुद्धा, पाठ हवं.

जाता जाता, समुपदेशक नेमायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या शाळांसाठी एक फुकटातलं: पहिली घंटा उशिरा करा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा लागते. झोपमोड झालेल्या पोराला आपण आधी आळशी म्हणतो, मग चिडका म्हणतो, मग समुपदेशनाला पाठवतो.

पैशांचं रडगाणं मला मान्य आहे, पण अर्धंच. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक समुपदेशक अशी आहे. आम्ही बाराशे मुलांमागे एक ठेवली होती आणि तिचेही निम्मे तास इतरांना वाटून दिले होते. म्हणजे जे होतं तेही आम्ही वापरलं नाही.

आमच्या त्या बाईंनी नोकरी सोडण्याआधी लेखी तीन गोष्टी मागितल्या होत्या. काचेला पडदा, कुलूप लागणारं कपाट, आणि वेळापत्रकात त्यांच्या नावापुढे काहीच न लिहिलेले तास. पडदा मिळाला. त्यावर शाळेचं बोधचिन्ह आणि खाली 'समुपदेशन कक्ष' असं छापून.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा मार्कांचं बोलून झाल्यावर एवढं विचारा, की समुपदेशक काल तिसऱ्या तासाला कुठे होत्या. आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, तेही.