‘कितीही खाल्ली तरी चालते’ : खेळायच्या कणकेविषयी फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नाशिकमधल्या बालवाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : बाजारातील क्ले विषारी असते, म्हणून घरीच दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीभर पाणी, थोडे तेल आणि मध घालून खेळायची कणीक मळावी, त्यात नैसर्गिक रंग घालावेत, सगळे जिन्नस स्वयंपाकघरातलेच असल्यामुळे मुलाने ती कितीही खाल्ली तरी अपाय नाही, सहा महिन्यांच्या बाळालाही ती चालते आणि महिनाभर टिकते. घरी कणीक मळून मुलांना खेळायला देण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते ‘कितीही खाल्ली तरी’ हे आश्वासन, कारण नेमके ते वाचून आई-बाबा निर्धास्तपणे दुसऱ्या कामाला लागतात.

मिठाचा हिशेब आधी करू, कारण सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. मध्यम वाटीत बारीक मीठ साधारण १७५ ग्रॅम बसते आणि त्याच वाटीने घेतलेला दोन वाट्या मैदा जेमतेम १६० ग्रॅम भरतो. म्हणजे वाटीने मोजताना मैद्याच्या निम्मे वाटणारे मीठ तराजूवर मैद्यापेक्षाही जड ठरते आणि मळलेल्या गोळ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग निव्वळ मीठ असतो. सुपारीएवढा, दहा ग्रॅमचा तुकडा गिळला तर तीन ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅमांहून कमी आहे आणि मुलांसाठी ती त्यांच्या आहाराच्या प्रमाणात आणखी खाली येते. लिंबाएवढा गोळा दोन वर्षांच्या मुलाने खाल्ला तर रक्तातील सोडियम एकाएकी वाढू शकते. मग मेंदूच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि उलट्या, किरकिर, सुस्ती इथपासून झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. जिभेला लागलेल्या कणाने घाबरून जाण्याचे कारण नाही, तोंड पुसून पाणी पाजले की पुरे. पण मोठा तुकडा गिळल्याचे दिसले तर घरी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये, थेट डॉक्टरांकडे न्यावे. घरात कुत्रा असेल तर त्यालाही या गोळ्यापासून लांब ठेवावे, कारण त्याच्याही जिवावर हेच बेतू शकते.

यावर त्याच गटांत ठरलेले उत्तर येते की कणीक इतकी खारट असते की मूल स्वतःच थुंकून टाकते. बहुतेक मुले थुंकतात हे खरे आहे. परंतु जी वस्तू मूल थुंकून टाकेल या भरवशावर सुरक्षित मानायची, ती ‘कितीही खाल्ली तरी चालते’ असे त्याच दमात सांगता येत नाही.

मैदा हा खाण्याचा जिन्नस आहे, हे विधानही अर्धेच खरे आहे, कारण तो शिजवून खाण्याचा जिन्नस आहे. शेतात, खळ्यावर आणि पोत्यात धान्याला जे जंतू लागतात ते दळल्याने मरत नाहीत, मग पीठ पाकिटातले असो वा आपल्या डोळ्यांसमोर गिरणीतून दळून आणलेले. अमेरिकेत २०१६ साली पिठातून पसरलेल्या ई. कोलाय या जंतूच्या साथीत २४ राज्यांतील ६३ जण आजारी पडले होते, आणि त्यांत हॉटेलमध्ये खेळण्यासाठी कच्च्या पिठाचा गोळा हाती दिलेली मुलेही होती. तेव्हापासून तेथील अन्न व औषध प्रशासन मुलांना कच्ची कणीक खेळायला देऊ नका असे सांगत आले आहे. आपल्याकडे पोळ्या लाटणाऱ्या आईच्या पुढ्यातली चिमूटभर कणीक तोंडात न टाकलेले मूल सापडणे कठीण, आणि त्यांतली जवळजवळ सगळी ठणठणीत असतात, हेही नोंदवले पाहिजे. धोका लहान आहे, पण तो शून्य असल्याची हमी देणे चूक आहे. पीठ कोरडेच भाजून घ्यावे, हा अलीकडे सुचवला जाणारा उपायही भरवशाचा नाही. कोरड्या पिठातले जंतू उष्णतेला अधिक काळ तग धरतात. पाण्यासह नीट शिजवणे हाच खरा मार्ग आहे.

मधाबद्दल मात्र वाद घालण्याजोगे काही नाही. एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि घरगुती उकळीने ते मरत नाहीत. सहा महिन्यांच्या बाळासाठी मध आणि वाटीभर मीठ एकत्र सुचवणारा संदेश पुढे पाठवताना निदान तेवढी ओळ तरी खोडावी.

‘नैसर्गिक रंग’ या शब्दावर दिवाळीत विशेष लक्ष ठेवावे लागते, कारण याच दिवसांत मेनरोड आणि रविवार कारंज्याच्या बाजारात रांगोळीच्या रंगांचे ढीग लागतात आणि घरात उरलेली पुडी कणकेत पडायला वेळ लागत नाही. रांगोळीचा रंग, गुलाल आणि कुंकू हे खाद्यरंग नव्हेत. खाण्यासाठी परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजकेच आहेत. तमिळनाडूने २०२४ मध्ये ‘बुढ्ढी के बाल’ या मिठाईवर बंदी आणली ती त्यात सापडलेल्या ऱ्होडामाइन-बी या कापड रंगवण्याच्या रंगामुळेच. सुट्ट्या हळदीत चमक आणण्यासाठी शिशाचे संयुग मिसळल्याचे प्रकारही उघड झाले आहेत. बीटाने दुसऱ्या दिवशी शी गुलाबी झाली तर धावपळ करू नये, तो बीटाचाच रंग असतो.

बाजारातील क्ले सरसकट विषारी असते, हेही खरे नाही. जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक आहे. ते पाहून घ्यावे, बिनचिन्हाची स्वस्त पाकिटे टाळावीत. मात्र चिन्ह असले म्हणून ती खाऊ होत नाही, आणि अनेक क्लेमध्ये गहू असल्यामुळे गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ती घरच्या मैद्याइतकीच त्रास देऊ शकते. संदेशाच्या काही प्रतींत, खेळायच्या कणकेत काही जण घालतात त्या क्रीम ऑफ टार्टरला ‘विदेशी केमिकल’ म्हणून नावे ठेवलेली असतात. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचा हा क्षार आपल्या नाशिकच्या वायनरीतल्या टाक्यांच्या तळाशीही साठतो, त्यामुळे निदान इथे तरी तो परका ठरू नये. पिठात त्याऐवजी लिंबाचा रस घातला तरी काम भागते.

राहिला महिनाभर टिकण्याचा दावा. मिठाची कणीक झाकणाच्या डब्यात खरोखर काही आठवडे टिकते, पण ती टिकते मिठामुळे आणि मीठ आहे म्हणूनच ती खाण्याजोगी नाही. मीठ काढून ती नीट शिजवली तर खाता येईल, पण मग ती टिकणार नाही. म्हणून आपण खेळणे करतो आहोत की खाऊ, हे मळायच्या आधी ठरवावे लागते. खेळण्यासाठी मिठाचा गोळा हवा असेल तर तो तीन वर्षांवरच्या मुलांना, समोर बसून द्यावा, आणि प्राण्यांना डोळे म्हणून वाटाणे किंवा बेदाणे लावण्याचा मोह टाळावा, कारण ते घशात अडकतात.

खरोखर खाता येईल असा गोळा हवा असेल तर मोदकाची उकड आपल्या हाताशी आहे, आणि आषाढी अमावस्येला आपण कणकेचे गोड दिवे वळून, वाफवून, तुपाशी खातोच. वाटीभर पाण्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी. पालकाचा रस किंवा हळद त्यातच घालावी, बीटाचा रस फार उकळला तर रंग उतरतो म्हणून तो अगदी शेवटी घालावा. मग वाटीभर तांदळाची पिठी घालून ढवळावे, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ काढावी आणि सोसेल इतकी गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळावी. गोळी दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा आणखी एक हात लावावा. खेळण्याचा आणि खाण्याचा गोळा सुरुवातीलाच वेगळा करावा, कारण फरशीवरून फिरून आलेला हत्ती कोणत्याही पिठाचा असला तरी खाऊ नये. धुतलेल्या हातांनी वळलेले चार दिवे मोदकपात्रात दहा मिनिटे वाफवून द्यावेत. ओल्या फडक्याखाली उकड दुपारपर्यंत मऊ राहते, संध्याकाळी उरलेली टाकून द्यावी. फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिचे मोदकही वळत नाहीत आणि हत्तीही.