इंटरनेटची गुंठेवारी: इंटरनेट पुरवणाऱ्या नव्या आयएसपींसाठी चार युक्तीच्या गोष्टी

नवीन अपस्ट्रीम, म्हणजे आपल्याला इंटरनेट देणारी वरची मोठी कंपनी, घेतला का भावा? अभिनंदन. कोल्हापुरात शाहूपुरीत गाळा घेतला, खांबाखांबावरनं फायबर ओढली, गिऱ्हाईक जमवलं. आता स्वतःचा एएस नंबर आहे, म्हणजे इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख, आणि स्वतःचा /२२ आहे, म्हणजे मोजून १०२४ पत्ते. हे वैभव टिकवायचं असेल तर चार गोष्टी ऐका. अनुभव गेल्या मंगळवारच्या रात्रीचा आहे. झोप अजून भरून निघालेली नाही, तेवढं सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी, /२२ एकसंध जाहीर करू नका, म्हणजे ‘हे पत्ते आमच्याकडं’ असं जगातल्या राउटरांना एका ओळीत सांगू नका. एवढा मोठा माणूस आणि एकच ओळ? २५६-२५६ पत्त्यांचे चार /२४ पाडा आणि चारही जगाला सांगा. टपाल खात्याच्या नादी लागू नका. मुंबईत पत्रं वेगळी करणारा ४१६ एवढे तीन आकडे बघतो आणि पत्र इकडच्या थैलीत टाकतो. राजारामपुरी, उद्यमनगर की सांगली, हे इकडं आल्यावर बघतात. पिनकोड आल्यापासून, म्हणजे १९७२ पासून असंच चाललंय. १९९३ साली इंटरनेटवाल्यांनीही सीआयडीआर, म्हणजे बरेच पत्ते एका ओळीत सांगायची पद्धत, आणून तीच शहाणपणाची वाट धरली. पण तुम्ही आपल्या गल्लीची पाटी थेट मुंबईत लावा, न्यूयॉर्कलाही एक लावा. १२ ऑगस्ट २०१४ ला जगातल्या रूटची, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठल्या वाटेनं जायचं त्याची, यादी ५ लाख १२ हजारांच्या पुढं गेली आणि जुन्या राउटरांची मेमरी भरून ठिकठिकाणी नेट आडवं झालं. आज ती यादी दहा लाखांच्या घरात आहे. त्यात तुमच्या चार ओळी कुणाला जड झाल्यात?

कुणी विचारलंच तर ‘लोड बॅलन्सिंग’, म्हणजे वाहतूक वाटून देतोय, म्हणायचं. पुढं कोणी विचारत नाही.

नव्या लाइनवर एक रात्र जायच्या आत जुनी लाइन तोडून टाका. भाडं वाचतं.

आता आरओए. ज्या रजिस्ट्रीनं पत्ते दिले तिच्या सहीचा हा सातबारा समजा. ही जमीन अमक्या एएस नंबरनंच कसायची आणि तुकडे पाडायचे तर इथपर्यंतच, एवढं त्यात लिहिलेलं असतं. आमच्या सातबाऱ्यावर /२२ होतं, मॅक्स लेंग्थ, म्हणजे तुकड्यांची ती मर्यादा, तीही २२. म्हणजे गुंठेवारीला परवानगी नाही. तरीही गुंठे पाडा, आणि सातबारा कुणी वाचू नका!

मंगळवारी नव्या अपस्ट्रीमचा इंजिनिअर लिंक चालू करून द्यायला रिमोटवरनं आमच्या राउटरवर बसला होता. मी पाच मिनिटं चहाला खाली उतरलो. वर आलो तर फोनवर गोड आवाज: “सर, चार स्लॅश चोवीस टाकलेत. बावीस काढून टाकलाय, डबल कशाला.” सातबारा २२ चा आणि जाहीर २४, त्यामुळं चारही रूट खोटे ठरले. जी नेटवर्कं सातबारा तपासतात त्यांनी ते टाकून दिले. जी तपासत नाहीत त्यांनी घेतले. अर्धं इंटरनेट चालू, अर्धं बंद! सगळंच बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, निदान केबल तुटली म्हणून सांगता आलं असतं. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतनं रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन: “साहेब, पोरं मोबाइलवर पिक्चर बघत्यात, ते चालतंय. ज्यांना माल द्यायचा त्यांचं पोर्टल तेवढं उघडंना. कास्टिंग भरून गाडी दारात उभी हाय.” त्याला काय सांगू? मॅक्स लेंग्थ सांगू?

मी बावीस परत टाकला. तो अपस्ट्रीमच्या दारातच अडला, कारण त्यांच्या फिल्टरमध्ये, म्हणजे आमच्याकडनं कुठले रूट घ्यायचे त्या यादीत, फक्त चार चोवीस. फिल्टर बदलायला तिकीट, म्हणजे त्यांच्याकडं लेखी तक्रार. तिकिटाला उत्तर: “सर, आरओए डिलीट करा, लगेच चालेल.”

आणि चाललंही असतं, हीच तर मेख आहे! सातबाराच नसेल तर रूट खोटा ठरत नाही, नुसता ‘माहीत नाही’ होतो, आणि माहीत नसलेल्याला बहुतेक सगळे आत घेतात. कुलूप अडकलंय तर दारच काढा, असला हा सल्ला. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमनं आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायला एक /२४ टाकला आणि वरच्या अपस्ट्रीमनं तो न तपासता जगात सोडला. यूट्यूबचा स्वतःचा होता /२२. राउटरला जास्त नेमका पत्ता दिसला की तो तिकडंच पळतो. दोनेक तास जगभरचं यूट्यूब पाकिस्तानच्या वाटेला लागलं होतं. तेव्हा सातबारा नव्हता. आता आहे, तर म्हणे डिलीट करा.

डिलीट करायला जीव होत नसेल तर मॅक्स लेंग्थ सैल सोडा. २४ टाका, ३२ टाका, आपल्या बापाचं काय जातं. मग तुम्ही नुसता /२२ जाहीर करा आणि कोणी भामटा रूटच्या वाटेत शेवटी, म्हणजे मूळ मालकाच्या जागी, तुमचा एएस नंबर चिकटवून तुमचाच /२४ विकायला बसेल. कागदावर तो खराच! जेवढं जाहीर करता तेवढंच लिहा, असं इंटरनेटवाल्यांच्या आरएफसी ९३१९ या दस्तऐवजात २०२२ सालीच सांगून ठेवलंय. वाचायला वेळ कुणाला आहे.

चार गिऱ्हाइकांचे पत्ते एकत्र करून रूटच्या वाटेत सगळ्यांचे एएस नंबर एकाच महिरपी कंसात कोंबा, म्हणजे मूळ मालक कोण ते कुणाला कळायला नको. २०११ पासून करू नका म्हणतायत, म्हणजे करण्यासारखं काहीतरी असणारच.

आणि रजिस्ट्रीचं खातं नेहमी नोकरी सोडून जाणाऱ्या पोराच्या मोबाइलवर उघडा. आमचा पुण्याला गेला. रात्री सव्वातीनला त्याला उठवून ओटीपी घेतला. पोरगं गुणाचं, शिवी दिली नाही. चार /२४ चे चार नेमके आरओए काढले आणि ते जगभर पोचायची वाट बघत बसलो. फाउंड्रीची गाडी उजाडता उजाडता हलली.

आता सरळ बोलतो. अपस्ट्रीमवाल्यांनो, दुसऱ्याच्या राउटरवर बसता तर आधी त्याचा आरओए बघायला दोन मिनिटं लागतात. ती तुमच्याकडं नाहीत? गिऱ्हाइकाला न विचारता त्यानं जाहीर केलेला रूट काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? सही केलेला दाखला काढून टाका म्हणून सांगताना लाज कशी वाटत नाही? आणि आपल्यातल्या छोट्या आयएसपींनो, तुम्हीही तेच. पासवर्ड राउटरवाल्याकडं, ओटीपी पुण्यात, आरओए म्हणजे काय ते विचारायचं नाही, आणि मग रात्री मला फोन. मी चहाला खाली उतरलो, ती चूक माझी, मान्य. पण फिल्टरमध्ये एक ओळ घालायची आहे. एक! आमचा बावीस परत एकसंध जाऊ द्या, एवढंच मागतोय. तिकीट सात दिवस उघडं आहे आणि त्यावर कालचं उत्तर असं: “सर, आता चालतंय ना?”