लॉग फाइल सडपातळ ठेवण्याचे खात्रीशीर उपाय

सर्व्हरची डी ड्राइव्ह लाल झालेली दिसली, आत जाऊन बघितलं तर एमडीएफ (डेटाची फाइल) ४० जीबीची आणि शेजारी एलडीएफ (लॉगची फाइल) ३१० जीबीची, तर मुळीच घाबरू नका. ही दुसरी फाइल नेमकी कशासाठी असते, हे शोधायच्या भानगडीत तर पडूच नका. एकदा ते कळलं की पुढचे सगळे उपाय करताना हात थरथरतो.

आधी स्क्रीनचा फोटो काढा. एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर, अशा वेळी ९००२ क्रमांकाची चूक दाखवतो: अमुक डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन लॉग भरला आहे, कारण 'लॉग_बॅकअप'. एरवी कोड्यात बोलणाऱ्या या सॉफ्टवेअरने इथे चक्क अवतरणचिन्हांत कारण लिहून दिलेलं असतं. म्हणून फोटो कापताना काळजी घ्या. 'भरला आहे' एवढंच दिसलं पाहिजे, पुढचं कारण कापलं गेलं पाहिजे. मग तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, 'अर्जंट, सर्व्हर डाउन, कोणी आहे का?' उत्तरं लगेच येतात. एक म्हणेल रीस्टार्ट मारा. दुसरा म्हणेल आमच्याकडेपण झालं होतं, डिस्क वाढवली. आणि एक अनुभवी गृहस्थ म्हणतील, 'लॉग म्हणजे जुना कचरा. बिनधास्त उडवा.' त्यांचं ऐका. त्यांनी स्वतः तीन नोकऱ्या बदलल्या आहेत.

काहींना तरीही खोलात शिरायची खोड असते, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमिनीचा कुठलाही बदल आधी फेरफार नोंदवहीत चढतो आणि नोंद प्रमाणित झाली की मग सातबाऱ्यावर येतो. डेटाबेसचंही तसंच आहे. खात्यात पाचशे रुपये जमा झाले की ती नोंद आधी लॉगमध्ये पक्की होते, आणि डेटा फाइलमध्ये ती सवडीने उतरते. मध्येच वीज गेली तर सर्व्हर पुन्हा सुरू होताना लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार डेटात उतरवतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. आयबीएममधल्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'एरीज' या नावाने ही पद्धत मांडली, आणि एसक्यूएल सर्व्हरसकट बरेच मोठे डेटाबेस तिच्याच वळणाने चालतात. पण मोहनसाहेबांना काय, त्यांना थोडीच तुमच्या डी ड्राइव्हची पट्टी दिसत होती! फेरफारची वही जाळली तर कपाटात जागा होईल की नाही, एवढाच आपला प्रश्न आहे. होते. भरपूर होते.

आता हा लॉग फुगतो कसा, ते बघू. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये, म्हणजे बॅकअप होईपर्यंत लॉगची प्रत्येक नोंद जपणाऱ्या पद्धतीत, असेल तर लॉगमधली जागा लॉग बॅकअप घेतल्यावरच पुन्हा वापरायला मोकळी होते. रोज रात्री अकराला होणाऱ्या फुल बॅकअपने ती मोकळी होत नाही. 'अहो, आमचा बॅकअप रोज होतो, मग लॉग का वाढतो?' असं विचारणारा एक तरी सज्जन प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला हा फरक सांगू नका, त्याची झोप उडेल. शिवाय हे फुल मॉडेल कोणी जाणूनबुजून निवडलेलंही नसतं. नवा डेटाबेस 'मॉडेल' नावाच्या डेटाबेसची नक्कल करून जन्माला येतो आणि स्टँडर्ड किंवा एन्टरप्राइज आवृत्तीत तो मुळातच फुल असतो. म्हणजे हा वारसा आहे. वारशाला प्रश्न विचारायची आपल्याकडे रीत नाही.

यातली एक गंमत मात्र फार थोड्यांना माहीत असते. फुल मॉडेल असूनही, जोवर तुम्ही पहिला फुल बॅकअप घेत नाही तोवर लॉग सिंपल मॉडेलसारखाच वागतो, आपला आपण रिकामा होत राहतो. बॅकअप सुरू केला की त्या दिवसापासून वाढायला लागतो. यावरून निष्कर्ष उघड आहे. रोगाचं मूळ बॅकअपमध्ये आहे. बॅकअपच घेतला नाही तर लॉग कायम शिडशिडीत राहतो आणि बॅकअपच्या फाइलींची जागाही वाचते.

तेवढं धैर्य नसेल तर श्रिंक करा, म्हणजे फाइल दाबून लहान करा. 'डीबीसीसी श्रिंकफाइल' ही आज्ञा तोंडपाठ पाहिजे. एकदा चालवून भागत नाही. दर रविवारी पहाटे आपोआप चालेल असं जॉब लावून द्या. सोमवारी सकाळी फाइल एक जीबीची दिसते आणि मन प्रसन्न होतं. दुपारपर्यंत ती परत होती तिथे येते, पण दुपारी फाइल कोण बघतं? ती वाढताना काय होतं तेही सोडून द्या. लॉगला मिळालेली नवी जागा आधी शून्यांनी भरून घ्यावी लागते आणि तोवर लिहिणारे सगळे ताटकळतात. डेटा फाइलला यात सूट मिळू शकते. लॉगला ती २०२२ च्या आवृत्तीत मिळाली, आणि तीही ६४ एमबीपर्यंतच्या वाढीपुरतीच. त्यातून तुमचा सर्व्हर २०१६ च्या आधीचा असेल तर वाढ मुळातूनच दहा टक्क्यांची ठरवलेली असते, म्हणजे लॉग शंभर जीबीचा झाला की पुढची उडी एकदम दहा जीबीची. काउंटरवरचे कर्मचारी 'नेट स्लो आहे' म्हणतील. म्हणू द्या. नेटवाल्याला फोन करा, तोही माणूस आहे, त्यालाही काम हवं.

श्रिंकचा पूर्ण आनंद घ्यायचा असेल तर आधी सगळे इंडेक्स (डेटा पटकन सापडावा म्हणून लावलेल्या सूची) रीबिल्ड करा आणि लगेच 'श्रिंकडेटाबेस' चालवा. रीबिल्डने लॉग टम्म फुगतो, मग श्रिंक त्याला पिळून काढतो आणि जाता जाता डेटा फाइलमधली शेवटची पानं उचलून सुरुवातीच्या मोकळ्या जागेत कोंबतो. इतक्या कष्टाने लावलेले इंडेक्स परत विस्कटतात. दोन्ही जॉबना हिरवी टिक मिळते. सर्व्हरने रात्रभर राबून जिथल्या तिथे परत येण्याला काही जण मेंटेनन्स प्लॅन म्हणतात.

२००८ च्या आधी एक सोपा मार्ग होता, 'ट्रंकेट_ओन्ली' म्हणून. लॉग फेकून द्यायचा, बॅकअपबिकअप काही नाही. मायक्रोसॉफ्टने २००८ च्या आवृत्तीत तो काढून टाकला, आणि जुन्या मंडळींना अजून त्याचं दुःख आहे. त्यांचं सांत्वन करायला 'नल' शिल्लक आहे. लॉगचा बॅकअप घ्यायचा तो 'नल' नावाच्या ठिकाणी. तिथे गेलेला बॅकअप कुठेच लिहिला जात नाही. पण सर्व्हर तो झाला असं मानतो, लॉग मोकळा करतो आणि इतिहासाच्या तक्त्यात रीतसर नोंदही करतो. ऑडिटरला तो तक्ता दाखवा. दर पंधरा मिनिटांनी एक बॅकअप, एकही चुकलेला नाही. ऑडिटर खूश, डिस्क खूश, आणि फाइल मागेपर्यंत तुम्हीही खूश.

मॉडेल सिंपल करून श्रिंक मारायचा आणि परत फुल करायचं, हाही राजमान्य उपाय आहे. त्यात बॅकअपची साखळी तुटते, आणि पुढचा फुल किंवा डिफरन्शियल (मागच्या फुलनंतरचे बदल घेणारा) बॅकअप होईपर्यंत लॉग बॅकअप घेताच येत नाहीत. इतका वेळ घेत नव्हता ते आता घेता येत नाहीत, फरक काय पडला?

खरे शूर मात्र एलडीएफ थेट डिलीट करतात. सर्व्हिस चालू असताना विंडोज हात लावू देत नाही, म्हणून आधी सर्व्हिस बंद करायची, मग फाइलवर शिफ्ट-डिलीट. रीसायकल बिनमध्ये पाठवणं हे भित्रेपणाचं लक्षण. सर्व्हिस परत सुरू केली की डेटाबेसच्या नावापुढे 'रिकव्हरी पेंडिंग' असं दिसतं. वाट बघा. चहा घेऊन या. परत आल्यावरही पेंडिंगच असेल. नीट बंद झालेल्या डेटाबेसचा लॉग कधीकधी नव्याने बांधून मिळतो. मध्येच तुटलेले व्यवहार असतील तर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन 'रिपेअर_अलाऊ_डेटा_लॉस' चालवावं लागतं. आज्ञेच्या नावातच 'डेटा जाऊ द्या' अशी परवानगी आहे आणि एन्टर तुम्ही दाबायचा आहे, त्यामुळे पुढे तक्रारीला जागा उरत नाही.

आता एक अवघड रुग्ण. सिंपल मॉडेल आहे, तरी लॉग वाढतोच आहे. अशा वेळी 'सिस डेटाबेसेस'मधला 'लॉग_रीयूज_वेट_डेस्क' हा रकाना बघू नये. त्यात लॉग कशासाठी अडला आहे ते एका शब्दात लिहिलेलं असतं आणि सगळी मजा जाते. 'अ‍ॅक्टिव्ह_ट्रान्झॅक्शन' असं निघालं, तर कोणीतरी मॅनेजमेंट स्टुडिओत 'बिगिन ट्रान' लिहून व्यवहार सुरू करून, एक अपडेट मारून, कमिट न करताच, म्हणजे तो पक्का न करताच जेवायला गेलेलं असतं. तो माणूस डबा संपवून, बडीशेप खाऊन येईपर्यंत त्याच्या व्यवहारापासून पुढची एकही नोंद लॉग सोडत नाही. 'रेप्लिकेशन' निघालं, तर पूर्वी कधीतरी जोडलेला आणि आता भंगारात गेलेला सर्व्हर आपल्या नोंदी घ्यायला येईल, म्हणून बिचारा लॉग अजून वाट बघतोय. हे सगळं शोधायला एक ओळीची क्वेरी लागते. त्यापेक्षा सी ड्राइव्हवर दुसरी लॉग फाइल जोडणं किती सोपं. पहिली भरली की दुसरीत लिहिलं जातं. सी ड्राइव्हही भरली की विंडोजच आजारी पडतं, आणि मग तो डेटाबेसचा प्रश्न राहत नाही, हार्डवेअरवाल्यांचा होतो.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी हसू नये. त्यांच्याकडे ही फाइलींची रास 'पीजी_एक्सलॉग' नावाच्या फोल्डरमध्ये असायची, आणि लोक 'लॉगच तर आहेत' म्हणून ती साफ करून टाकायचे. शेवटी २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत त्यांना फोल्डरच्या नावातला 'लॉग' काढून ते 'पीजी_वाल' करावं लागलं. माणसं बदलण्यापेक्षा फोल्डरचं नाव बदलणं स्वस्त पडतं.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत जे झालं ते या शास्त्रातलं अभिजात प्रकरण आहे. मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा जोडीचा सर्व्हर मागे पडला. त्याला हवे असलेले लॉगचे तुकडे मुख्य सर्व्हरवरून आधीच निघून गेले होते आणि ते वेगळे जपून ठेवायची व्यवस्था नव्हती. म्हणून जोडीचा सर्व्हर नव्याने भरायचं ठरलं. रात्रीची वेळ, थकलेला माणूस, दोन सर्व्हरच्या दोन सारख्या खिडक्या. डेटाचं फोल्डर उडवलं ते मुख्य सर्व्हरवर. लगेच लक्षात आलं, पण तोवर ३०० जीबीपैकी साधारण साडेचार जीबी उरले होते. रोजचा बॅकअप बघायला गेले तर पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीच्या डेटाबेसला ९.२ आवृत्तीचं साधन लावल्यामुळे तो होतच नव्हता, आणि तो होत नसल्याच्या ईमेलही कोणापर्यंत पोचत नव्हत्या. कोणीतरी त्या दिवशी हाताने घेऊन ठेवलेल्या सहा तासांपूर्वीच्या प्रतीवर निभावलं. या लोकांनी एक अक्षम्य चूक केली. त्यांनी हे सगळं जगजाहीर लिहून टाकलं. आपण असं करत नाही. आपण 'टेक्निकल इश्यू' म्हणतो.

आपल्याकडे हेच तालुक्याच्या एखाद्या पतसंस्थेत होतं तेव्हा त्याला रात्र लागत नाही. मार्चअखेर, सगळ्या खात्यांवर व्याज टाकण्याचं काम एका दमात चाललेलं, लॉग फुगलेला, आणि त्यातच दुपारी साडेचारला डिस्क बसते. काल रात्री अकराचा बॅकअप आहे. आज सकाळपासूनचं काय? लॉग बॅकअप असता तर बहुतेक सगळं परत उभं करता आलं असतं. तो 'नल'मध्ये सुखरूप आहे. मग रोखपाल ड्रॉवरमधून रबरबँड लावलेले स्लिपांचे गठ्ठे काढतो, पिग्मी एजंटांना फोन जातात, पावतीपुस्तकं मागवली जातात, आणि दोन क्लार्क रात्री उशिरापर्यंत एकेक स्लिप वाचून दाखवतात, 'शिंदे, चारशे पन्नास, जमा.' शिंदे गावात पाच आहेत. शाखाधिकारी वडापाव मागवतात. संगणक येण्याआधीही काम असंच चालायचं, असं एक जुने संचालक कौतुकाने सांगतात.

याला एक कंटाळवाणा पर्याय आहे, नाइलाजाने सांगतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी लॉगचा बॅकअप घ्यायचा, तो दुसऱ्या मशीनवर ठेवायचा, लॉगला एकदाच पुरेशी मोठी जागा देऊन ठेवायची, वाढ टक्क्यांत न ठेवता ठरावीक एमबीत ठेवायची, आणि अधूनमधून तो बॅकअप खरोखर रीस्टोअर करून बघायचा. असं केलं की लॉग एका आकाराला येऊन गप्प बसतो. रात्री फोन येत नाहीत. ग्रुपवर फोटो टाकायची वेळ येत नाही. आणि इन्क्रिमेंटच्या वेळी साहेब विचारतात, 'हे गृहस्थ आपल्याकडे नक्की काय करतात?' तेव्हा विचार करून ठरवा.

शेवटी अहवाल द्यावा लागतो. तो मराठीत द्या, वजन पडतं. 'मूळ कारण: सर्व्हरवरील उपलब्ध जागा अपुरी. उपाययोजना: वाढीव क्षमतेच्या डिस्कची खरेदी.' खाली तीन कोटेशन जोडा, त्यातली दोन तिसऱ्याच्याच दुकानातून छापून मिळतात. एका लॉग फाइलची कमाल मर्यादा दोन टीबी असते, तेव्हा डिस्क निदान तेवढी तरी मागा. आली की लॉग तिच्यावर हलवा, कमाल मर्यादा अनलिमिटेड ठेवा, आणि अहवालाची वर्ड फाइल जपून ठेवा. पुढल्या वर्षी फक्त तारीख बदलावी लागेल.